मालकीणबाईंची सही

"आनि मागं बसलेल्या माणसांचं काय?" अण्णांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मी हातातलं पेन खाली ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. विमा एजंट होऊन मला जेमतेम आठ महिने झाले होते. पाटण स्टँडच्या मागे आमच्या घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर माझ्या नावाची पाटी: कुंदा जगदाळे, वाहन विमा. एवढंच माझं ऑफिस.

"अण्णा, तुमचा आत्ताचा विमा थर्ड पार्टीचा आहे. म्हणजे तुमच्या गाडीनं रस्त्यावरच्या कुणाला लागलं, कुणाचं नुकसान झालं, तर ते भरून मिळतं. कायद्यानं तेवढा घ्यावाच लागतो. पण गाडीत बसलेल्यांना त्यातून काही मिळत नाही. तुम्हालाही नाही आणि गाडीलाही नाही."

अण्णा, म्हणजे हणमंत शेडगे, खुर्चीच्या कडेवर ताठ बसले होते. वय बासष्ट-त्रेसष्ट. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं होतं. आता घरची व्हॅन होती, सहा वर्षं जुनी. बुधवारी, तीस मार्चला तिचा विमा संपत होता.

"रस्त्यावरच्या माणसाला माझ्याकडनं आजवर खरचटलं न्हाई," ते म्हणाले. "त्याची मला भीती न्हाई. माझी भीती मागच्या सीटवर बसलेली असतीया. त्यांचा विमा करा."

"मग फुल इन्शुरन्स घ्या. त्यात गाडी येते, तुम्ही येता. आणि वर थोडे पैसे भरले की बसणाऱ्या चौघांचा अपघात विमाही जोडता येतो."

"जोडा. अजून काय असंल ते सगळं जोडा. सगळ्यात भारी द्या."

"सगळं नको," मी म्हणाले. "सुट्या भागांची पूर्ण किंमत देणारी एक सोय असते, पण ती नव्या गाड्यांना. तुमच्या गाडीला मिळणार नाही. रस्त्यात बंद पडली तर उचलून नेणारी सोय आहे, ती घ्यायची तर घ्या."

"बंद पडली तर मी दुरुस्त करतो. ती नगं."

मला हा माणूस आवडला. येणारे बहुतेक लोक एकच विचारायचे, सगळ्यात कमीत कमी किती? पोलिसानं अडवलं तर दाखवायला कागद झाला की त्यांचं काम झालं. हा पहिला माणूस विचारत होता की कागदात कोण बसतंय.

आणि खरं सांगायचं तर ही माझी बारावी पॉलिसी होणार होती. मार्चअखेर बारा झाल्याच पाहिजेत, असं कराडच्या शाखेतल्या घोरपडे साहेबांनी बजावलं होतं. अकरावर मी तीन आठवडे अडकले होते.

मी अर्ज भरायला घेतला. गाडीचं पुस्तक उघडलं. मालकाच्या जागी नाव होतं सुशीला हणमंत शेडगे.

"गाडी काकूंच्या नावावर आहे?"

"व्हय. तिच्याच पैशानं घेतली. बापाच्या रानातला वाटा आला तिला, त्यातनं."

"मग सही मालकीणबाईंची लागेल."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "ती आली न्हाई."

"काही हरकत नाही. अर्ज घरी न्या, सही घेऊन पाठवा."

"नगं, कागद तुमच्याकडंच असू द्या. हरवंल."

"मग मी येते घरी. तुमची वाडी काही लांब नाही."

"घरी न्हाई गावायची ती." त्यांनी टोपीची घडी नीट केली. "आमचं मंगळवार-शुक्रवार कराडला असतंय. डायलिसिस."

मला वाईट वाटलं. एवढ्या काळजीनं मागच्या सीटचं का विचारत होते, ते कळलं असं वाटलं. मी म्हणाले, "अण्णा, मला तसंही शाखेत जायचंच आहे. मंगळवारी तुमच्याबरोबर येते. तिथंच सही घेऊ."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग टोपी डोक्यावर ठेवून उठले.

"या. सव्वासहाला स्टँडच्या कोपऱ्यावर."

सोमवारी घोरपडे साहेबांचा फोन आला. मी सांगितलं, बारावी तयार आहे, फक्त मालकाची सही राहिलीय, ती उद्या घेऊन येते.

"अहो जगदाळेबाई, सहीसाठी कराडला कशाला? बायकोची सही नवरा करतो, नवऱ्याची बायको. कोण बघतंय? गुरुवारी एकतीस तारीख आहे."

"उद्या जातेच आहे साहेब," मी म्हणाले.

मंगळवारी व्हॅन वेळेच्या दोन मिनिटं आधी कोपऱ्यावर आली. मागच्या सीटवर स्वच्छ धुतलेली चादर अंथरली होती. दोघं बसले होते. एक आकाराम सुतार, पन्नाशीचे, अंगानं सुकलेले, मांडीवर जेवणाचा डबा. दुसऱ्या मुमताजभाभी, साठीच्या, शाल गुंडाळून. दोघांनाही आठवड्यातून दोनदा मशिनला लागायचं होतं, हे भाभींनीच मला सांगितलं.

मी पुढे अण्णांच्या शेजारी बसले. "काकू?"

"ती पुढं गेली," अण्णा म्हणाले आणि गिअर टाकला.

मला वाटलं, आदल्या संध्याकाळी कराडला कुणाकडे मुक्कामाला गेल्या असतील. आकाराम खिडकीबाहेर बघायला लागले. भाभींनी शाल नीट केली.

अण्णांसारखी गाडी चालवताना मी आजवर कुणाला पाहिलं नाही. प्रत्येक खड्ड्याच्या आधी ते हळूच म्हणायचे, "खड्डा." की मागची दोघं सुई टोचायचा हात छातीशी धरायची. खड्डा जायचा. हात खाली यायचे. "गतिरोधक." पुन्हा हात वर. कराडपर्यंत हे चाललं होतं आणि तिघांच्याही ते इतकं अंगवळणी पडलं होतं की मधल्या गप्पा तुटत नव्हत्या. भाभी नातीच्या दहावीच्या पेपरचं सांगत होत्या. आकारामनी एक देव्हारा करायला घेतला होता, रोज तासभर काम करायचे, तो कधी पुरा होईल याची चर्चा चालली होती.

"पैसे किती घेता अण्णा?" मी विचारलं. "भाड्यानं नेत असाल तर विमा वेगळा काढावा लागतो, म्हणून विचारते."

"कसले पैशे?"

"एक रुपया घेत न्हाईत," मागून आकाराम म्हणाले. "आम्ही लई भांडून बघितलं."

दवाखान्यात पोचल्यावर अण्णांनी दोघांना दारापर्यंत नेलं, भाभींची पिशवी आत दिली आणि गाडी लावायला गेले. मी अर्ज हातात घेऊन डायलिसिसच्या खोलीत शिरले. सहा पलंग होते, प्रत्येकाशेजारी एक मशिन. सहाही पलंगांवर बघितलं. दोन पुरुष, एक तरुण मुलगी, एक म्हातारे गृहस्थ आणि आमची दोघं. टेबलाशी सिस्टर फाईल लावत होत्या.

"सुशीला शेडगे कुठं आहेत? एक सही हवी होती."

सिस्टरनी वर बघितलं. "शेडगेकाकू? अण्णांच्या?"

"हो."

"ताई, त्यांना जाऊन नऊ महिने झाले."

मला पहिल्यांदा वाटलं, ऐकण्यात चूक झाली. सिस्टर म्हणाल्या, "तो खिडकीजवळचा पलंग त्यांचा होता. जूनमध्ये गेल्या. अण्णा पंधरा दिवस आले नाहीत. मग एका मंगळवारी या दोघांना घेऊन आले. तेव्हापासून एकदाही चुकले नाहीत."

अण्णा दवाखान्याच्या आवारात, चहाच्या गाड्याशेजारच्या कट्ट्यावर बसले होते. मी जाऊन शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण दुसरा चहा सांगितला.

"सांगायचं होतं अण्णा."

"सांगितलं की. पुढं गेली म्हनलं."

चहा आला. त्यांनी माझा पेला माझ्याकडे सरकवला.

"त्या दोघांना तिनंच गाडीत घेतलं," अण्णा आपणहून बोलायला लागले. "एष्टीत आकाराम उभा राहून जायचा. परतताना चक्कर यायची त्याला. ती म्हनली, आपल्या मागच्या सीटवर जागा हाय, आनि ह्या माणसाला उभं का ठेवायचं? मग मुमताजभाभी आल्या. ती गेली तवा म्हटलं, झालं आता, इकून टाकू गाडी. पन सोमवारी रातच्याला झोप लागंना. मंगळवार उजाडला की ती दोघं फाट्यावर उभी असणार. गेलो."

"चांगलं केलंत."

"चांगलं-बिंगलं काय न्हाई. गाडी तिची. मी तिचा ड्रायव्हर. मालकीणबाईनं काम लावून दिलंय, ते करतोय." त्यांनी खिशातून पेन काढलं. "आना तो कागद. तिची सही मला येते. रेशनवर, बँकंत, दवाखान्यात, शेवटी शेवटी तिचा हात चालत न्हवता तवा मीच करायचो."

अर्ज माझ्या मांडीवर होता. सहीची जागा रिकामी. घोरपडे साहेबांचा आवाज कानात होता, कोण बघतंय? आणि मला खरंच कुणी बघितलं नसतं. अण्णांना विमा मिळाला असता, मला बारावी पॉलिसी. आजही आठवतं, माझा हात अर्ज पुढे करायला उचलला गेला होता.

मी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"अण्णा, मला हे करता येणार नाही."

"का? पैशे रोख देतो."

"पैशांचं नाही. आज या गाडीला कागदावर मालकच नाही. गेलेल्या माणसाच्या नावानं विमा काढला तर तो फक्त कागद आहे. उद्या एखाद्या ट्रॉलीनं ठोकलं, भाभींना लागलं, तर कंपनी पहिला प्रश्न विचारेल मालक कोण? आणि मग कुणालाच काही मिळणार नाही. तुम्ही मला तीनदा विचारलंत, मागं बसलेल्यांचं काय. या सहीनं त्यांना काही नाही."

"मग काय करायचं?"

"गाडी तुमच्या नावावर करून घ्यायची. मृत्यूचा दाखला, मुलांची संमती, आरटीओत अर्ज. मग विमा."

अण्णा उभे राहिले. त्यांचा चेहरा बदलला होता.

"माझ्या नावावर न्हाई करायची. माझी गाडी झाली, मग मी कशाला यिऊ मंगळवार-शुक्रवार? माझं काय हाय हितं? तिच्या नावावर हाय तवर तिचं काम हाय." त्यांनी चहाचे पैसे ठेवले. "तुमच्यानं हुईत नसंल तर दुसरा एजंट बघतो. पाटणात काय कमी न्हाईत."

ते गाडीकडे निघून गेले. मी शाखेत गेलेच नाही. तिथल्याच बाकावर बसून राहिले. दुसरा एजंट मिळेल हे मलाही माहीत होतं.

अकरा-सव्वाअकराला दोघं बाहेर आली. मशिनवरून उठलेलं माणूस कसं दिसतं, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सगळी शक्ती काढून घेतल्यासारखं. अण्णांनी भाभींना हात धरून बसवलं, आकारामच्या डोक्यामागे उशी दिली. मी पुन्हा पुढे बसले. परतीच्या वाटेवर अण्णा आणखी हळू चालवत होते. "खड्डा," म्हणत होते, पण आवाज कोरडा होता.

अर्ध्या वाटेवर भाभी म्हणाल्या, "विम्याचं झालं का अण्णा?"

"न्हाई झालं. ह्या ताई म्हनत्यात, सुशीलाचं नाव काढा."

"मग काढा की."

अण्णांनी गिअर बदलला.

"अण्णा," भाभींचा आवाज थकलेला होता, पण त्या थांबल्या नाहीत, "माझा सलीम पुण्यासनं दर मंगळवारी फोन करतो. त्याला गाडीचं भ्या वाटतंय. इचारतो, अम्मा, गाडीचा विमा आहे का, तुला काही झालं तर? मी म्हणते आहे. नऊ महिने खोटं बोलते त्याच्याशी. मला ठाऊक होतं सुशीला गेल्यावर तुम्ही कागद बदलले न्हाईत. कसं इचारायचं? फुकट नेणाऱ्या माणसाला असं इचारतात का?"

गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. अण्णांनी इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते समोर बघत राहिले. समोर काही नव्हतं, नुसता डांबरी रस्ता आणि कडेची बाभळ.

"नऊ महिनं," ते म्हणाले.

"जाऊ द्या आता," आकाराम म्हणाले.

"न्हाई, जाऊ कसं द्यायचं? एकतीस वर्षं गाडीत बसलेलं माणूस घरी पोचवलं. आनि ह्यांना असंच बसवून फिरवतोय." ते माझ्याकडे वळले. डोळे भरले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. "ताई, काय काय कागद लागतंय म्हनला?"

मी पर्समधून अर्ज काढून त्याच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर यादी लिहून दिली.

त्या कामाला साडेपाच आठवडे गेले. मुलगा नाशिकला, मुलगी इचलकरंजीला, त्यांच्या संमतीचे कागद, तलाठी, नोटरी, आरटीओ. मी दोनदा बरोबर गेले. तीस मार्चला विमा संपला आणि अण्णांनी गाडीला जे कुलूप लावलं, ते कागद हातात येईपर्यंत काढलं नाही. पण मंगळवार-शुक्रवार चुकले नाहीत. सकाळच्या एसटीनं दोघांना घेऊन ते कराडला जायचे. त्या मार्गावरचे निम्मे ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली शिकलेले. पुढची सीट रिकामी ठेवलेली असायची आणि गाडी स्टँडला जायच्या आधी दवाखान्याच्या फाटकाशी थांबायची. एका ड्रायव्हरला अण्णांनी मागून ओरडून सांगितलं म्हणे, "खड्डा आला की आधी सांगत जा रं." तो पोरगा नंतर खरंच सांगायला लागला.

माझी बारावी पॉलिसी मार्चमध्ये झाली नाही. घोरपडे साहेबांनी आणखी तीन महिने दिले, पण त्या दिवशी मला चहा विचारला नाही. पुढे मी ह्याच कामात राहिले. आज चौदा वर्षं होतील.

मेच्या पहिल्या आठवड्यात नवं पुस्तक आलं. मालकाच्या जागी हणमंत बाळकू शेडगे. अण्णांनी ते बराच वेळ हातात धरलं, मग माझ्याकडे दिलं. आम्ही अर्ज नव्यानं भरला. गाडीचा पूर्ण विमा, मालक-चालकाचा अपघात विमा, बसणाऱ्या चौघांचा अपघात विमा. त्यांच्यामागे पैसे कुणाला द्यायचे, तिथं त्यांनी मुलीचं नाव सांगितलं. सही त्यांनी स्वतःची केली. सावकाश, एकेक अक्षर.

पॉलिसी हातात आली ती गुरुवारी. शुक्रवारी सव्वासहाला मी कोपऱ्यावर उभी होते, कागद द्यायला आणि पुढे शाखेत जायला. व्हॅन आली. चादर धुतलेली होती. मी पुढे बसले आणि गाडी निघाली. आकाराम म्हणाले, "वाचून दाखवा की ताई, आमचं नाव कुठं हाय ते."

कागद इंग्रजीत होता. मी ओळीवर बोट ठेवून मराठीत सांगत गेले. चौघांच्या ओळीशी आले.

"नावं नाहीत," मी म्हणाले. "नाव न लिहिलेले प्रवासी, चार, असं आहे."

अण्णांनी एकदम ब्रेकवर पाय ठेवला. "नाव न्हाई? मग उपयोग काय?"

"उलट चांगलं आहे अण्णा. नावं लिहिली तर त्यांनाच मिळतं. न लिहिलेले म्हणजे त्या सीटवर जो बसेल त्याला."

"कुनीबी?"

"कुणीही."

"वळखीचं नसंल तरी?"

"तरी."

ते मनातल्या मनात काहीतरी जुळवत होते. पुढे फक्त "खड्डा" तेवढं म्हणत होते. मल्हारपेठेच्या थांब्यावर एसटीची वाट बघत एक जोडपं उभं होतं. बायको तिशीची, सुजलेला चेहरा, हातात दवाखान्याची फाईल. नवरा तिच्या डोक्यावर छत्री धरून होता, ऊन अजून चढलंही नव्हतं तरी. अण्णांनी गाडी त्यांच्यापाशी नेऊन उभी केली आणि काच खाली केली.

"दवाखान्यात ना? खिडकीजवळचा पलंग?"

"व्हय," बाई म्हणाली. "तुम्हाला कसं ठावं?"

"गेल्या दोन खेपा बघतोय तुम्हाला. एष्टीत उभं राहून येता. बसा."

नवऱ्यानं गाडीच्या आत बघितलं. "भाडं किती?"

"भाडं न्हाई."

"आनि गाडी कुणाची म्हनायची? न्हाई, इचारून घेतलेलं बरं."

"माझी," अण्णा म्हणाले. "हणमंत शेडगे. कागद समदे हाईत, बगायचं तर बगा. बसा लवकर, साडेसातला मशिन लागतंय."

भाभी सरकून आकारामच्या बाजूला गेल्या. मागे तिसरी जागा झाली. ती बाई चढली. नवरा खालीच उभा राहिला. आता उरली ती माझी पुढची जागा, आणि विमा चौघांचाच होता. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी पर्स घेतली, दार उघडलं आणि खाली उतरले.

"अहो, तुम्ही कशाला उतरताय?" नवरा म्हणाला.

"बसा," मी म्हणाले. "मला एसटीनं जाता येतं."

गाडी निघाली. वीसेक पावलांवर रस्ता उखडलेला होता, तिथे ती हळू झाली आणि मागच्या काचेतून मला दिसलं, आकारामचा हात छातीशी गेला, भाभींचा गेला आणि त्यांच्याकडे बघून त्या नव्या बाईनंही आपला हात वर घेतला.

पुढची एसटी यायला अर्धा तास होता. मला काही घाई नव्हती.